रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सोपानतात्यांचं नाव सांगतो. आईवडिलांची गोष्ट वेगळी, ते घरचेच. पण आमच्या मुळशीच्या बाजूला हे नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा आंबट होतो. "कोण, ते चपलावालं म्हातारं?" असं तो विचारतो आणि माझ्याकडे असा बघतो, की एवढं शिकूनही याला माणूस ओळखता येईना.

चपलांचं असं आहे. सोपानतात्या बैलांच्या शर्यतीत छकडी हाकतात. छकडी म्हणजे एका माणसापुरती, दोन चाकांची हलकी गाडी. ती हाकणाऱ्याला आमच्याकडे सरळ 'डायवर' म्हणतात. सगळेच डायवर छकडीवर अनवाणी चढतात आणि आपल्या चपला जिथून गाड्या सुटतात तिथंच सोडतात. शर्यत झाली की जिंकलेला डायवर लोकांच्या खांद्यावरूनच परत येतो, त्याला चपलांची गरज पडत नाही. हरलेला आपला चालत येऊन घालतो.

तात्या मात्र शर्यतीच्या आधी हातात चपला घेऊन, सगळ्या पब्लिकच्या देखत, मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात. तिथं निशाणाच्या पलीकडे बांधावर त्या नीट जोडीनं ठेवतात, तोंडं रस्त्याकडे करून. मग अनवाणी परत येतात, छकडीवर चढतात आणि शर्यत जिंकतात. खाली उतरून कासरा मालकाच्या माणसाच्या हातात देतात, चपला घालतात आणि निघून जातात. मागे गुलालाची पोती फुटत असतात. तात्या तोवर डांबरी रस्त्याला लागलेले असतात.

"बघितलं का? आधीच ठावं असतंय ह्याला, मीच जिंकणार म्हणून! चपला फुडं धाडतोय!"

हे वाक्य मी इतक्या मैदानांवर, इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता ते ऐकूनच थकवा येतो. मी लवळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो आणि हंगामात रविवारी शर्यतींचं समालोचन करतो. माती खात, उन्हात, एका हातात माईक आणि गालात खडीसाखर धरून बोलत राहायचं. आमच्या भागात कुणीतरी शिकलेला, स्वच्छ बोलणारा पाहिजे असतो आणि पदवीधर माणूस आयताच सापडतो. माझ्या माईकवर सगळ्यांच्या नावाला शिट्ट्या पडतात. सोपानतात्यांचं नाव घेतलं की एकच आवाज येतो, "हूऽऽऽ." आणि त्यामागून, "फुडचं बोला मास्तर!"

एवढं जिंकणाऱ्या माणसाचा लोकांना एवढा राग का, याचा मी बराच विचार केला आहे. लोक कारणं भरपूर देतात. तात्या छकडीवर बसतात ते एसटीत खिडकीशी जागा मिळाल्यासारखे. ओरडत नाहीत, उठून नाचत नाहीत, बैलाला शिवी देत नाहीत. आता चाबूक-काठी बंद आहे, पण ती चालत होती तेव्हाही त्यांच्या हातात नसायची. छकडी सुटली की ते बैलांशी काहीतरी पुटपुटतात. त्यांच्याकडे कसला तरी मंत्र आहे, अशी वदंता होती. मी एकदा विचारलं. म्हणाले, "मंत्र कसला! 'चला गा, दूध न्यायचंय' म्हंतो. रोजच्याच सवयीनं तोंडात येतंय."

त्यात त्यांना दोन शब्द बोलायला सांगणं म्हणजे शिक्षा. ताम्हिणीकडच्या एका मैदानावर मी हौसेनं त्यांना, रस्त्याला लागायच्या आत, अक्षरशः पळत जाऊन गाठलं आणि माईक पुढे केला.

"तात्या, एवढं मोठं मैदान मारलंत! प्रेक्षकांना काय सांगाल?"

"दमलो."

"आणखी काही?"

"बैलं बी दमल्यात. त्यास्नी पानी पाजा. भाषान नगं."

"भाव खातंय म्हातारं!" कुणीतरी ओरडलं, आणि त्या दिवसापासून हेही कारणांत जमा झालं.

दुसरीकडे विकी. विकीही डायवर आहे. तरुण, भुऱ्या केसांचा, गळ्यात भगवं उपरणं. जिंकण्यापेक्षा हरतो जास्त, पण हरला की बैलाच्या गळ्यात पडून असा रडतो की पब्लिकमधले बापेसुद्धा डोळे पुसतात. जिंकला तर छकडीवरून थेट माणसांत उडी मारतो. त्याचे व्हिडिओ नेऱ्यापासून बावधनपर्यंत आयटीतली पोरं कॅन्टीनमध्ये बसून बघतात. मला वाटतं, लोकांना जिंकणारा आवडतो असं आपण उगाच म्हणतो. त्यांना आवडतो तो, ज्याला त्यांची गरज आहे असं दिसतं. विकीला ती पदोपदी दिसते. तात्यांना आमची काही गरज आहे, असं कधी कुणाला वाटलंच नाही.

पण गावाचा राग यापेक्षा खोल होता. आमच्या गावात दत्ताभाऊंचा हिरा नावाचा बैल आहे. गाव त्याच्यावर जीव टाकतं. काही वर्षांपूर्वी गावच्याच जत्रेत, गावच्याच मैदानात, तात्यांनी दुसऱ्याची छकडी हाकून हिराला हरवलं. ती छकडी होती बिरूआण्णांची. बिरूआण्णा धनगर, मेंढरं घेऊन डोंगरापलीकडं राहतात, आणि बैलाचा नाद त्यांनाही आहे. गाव तात्यांच्या दारात जमलं.

"तुमाला गावाचा बैल दिसला न्हाई व्हय?"

"दिसला की. शेजारनंच पळत हुता."

"चेष्टा करू नगा, तात्या!"

"बिरूनं आधी सांगितलं हुतं. तुमी सांगितलंच न्हाई. सांगंल त्याची हाकतो मी."

हे खरं होतं, गावानं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पण खरं असलं म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो. पुढच्या मैदानात कुणीतरी बांधावरच्या चपलांतली उजवी पळवली आणि तिथं भलतीच डावी ठेवली. तात्या दोन्ही डाव्या चपला घालून घरी गेले. दुसऱ्या दिवशी टेम्पोतही त्याच. मी विचारलं तर म्हणाले, "चालतंय की. जरा डावीकडं वढतंय, टेम्पोवानी."

टेम्पोचं सांगायचं राहिलं. तात्यांचा खरा धंदा दुधाचा होता. धरणाच्या कडेच्या वाड्यांवरून दूध गोळा करून ते टेम्पोनं बावधनला पोचवायचे. मी बारावीपर्यंत पौडला शिकलो. पुढचं कॉलेज शहरात, आणि आमच्या वस्तीवर सकाळची एसटी नाही. वडील म्हणाले, "झालं तेवढं बास झालं." तात्या तिथंच दुधाची किटली उचलत होते. किटली न ठेवताच माझ्याकडे बघून म्हणाले, "सकाळी फाट्यावर हुबा ऱ्हा."

कॉलेज संपेपर्यंत मी फाट्यावर उभा राहिलो आणि ते थांबत राहिले. एकदा मी तापानं पडलो होतो, तर टेम्पो फाट्यावर हॉर्न वाजवत राहिला आणि शेवटी तात्या चढ चढून घरी आले. मला वाकळेत बघितलं आणि आईवर ओरडले, "येत न्हाई म्हणून सांगायचं तरी! माझं दूध नासलं असतं!" मग माझ्या कपाळाला हात लावून, जाताना डॉक्टरला सांगून गेले.

मैदानात वाऱ्यासारखी छकडी नेणारा हा माणूस टेम्पो असा चालवायचा की सायकलवाले मागे वळून बघत पुढे जायचे. मागून हॉर्न वाजला की म्हणायचे, "जा बाबा, तुला लई कामं हायेत." मी घड्याळाकडे बघायचो.

"तात्या, पहिला तास बुडतोय."

"दूध हिंदकाळतंय रं. तुझा तास काय, उद्या पुन्यांदा भरतूयाच."

भाडं घेत नव्हते. त्याबदली आदल्या दिवशी कॉलेजात काय शिकवलं ते सांगावं लागे, आणि त्यात सुटका नसे. मी पुस्तकी बोलायला लागलो की म्हणायचे, "समजलं न्हाई. बैलाला सांगितल्यावानी सांग." राज्यसभेची निवडणूक मी त्यांना पौडपासून भूगावपर्यंत समजावली. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी आपुन ज्यास्नी निवडून दिलं, त्यांनी आजून दुसऱ्यास्नी निवडलं. आन मंग आपुन कुटं?"

"आपण इथंच तात्या, टेम्पोत."

ते इतके हसले की टेम्पो थांबवावा लागला. परीक्षेत मी सगळी उत्तरं बैलाला सांगितल्यासारखी लिहिली आणि पहिल्या वर्गात पास झालो. निकाल सांगायला गेलो तेव्हा पेढा हातात धरून म्हणाले, "शिकलायस तर आता वापर." दुसरं काही नाही. समालोचन करतो तेही असंच, बैलाला सांगितल्यासारखं. लोकांना वाटतं, ही माझी शैली आहे.

गेल्या चैत्रातली गोष्ट. जत्रा तोंडावर आली आणि विकीचा खांदा मोडला. शर्यतीत नव्हे, मोबाईलसमोर उभ्या छकडीवरून उडी मारताना. हिराची छकडी तोच हाकायचा. आता कोण? दत्ताभाऊ चार माणसं घेऊन तात्यांच्या अंगणात आले. मी तिथंच होतो.

"तात्या, यंदा हिरावर तुमी."

"विकी कुटं गेला?"

"खांदा मोडला."

"मंग मी काय दुसरा खांदा व्हय?"

दत्ताभाऊ मान खाली घालून म्हणाले, "गावाची इज्जत हाय, तात्या. आमी सांगाया आलोय."

'सांगाया' या शब्दावर तात्यांनी वर बघितलं. अंगठ्यानं जमीन उकरली. "बघतो," म्हणाले. तात्यांचं बघतो म्हणजे हो, हे मला ठाऊक होतं. दत्ताभाऊंना ठाऊक नव्हतं, ते कुरकुरत गेले. "बगा, आजून भाव खातंय."

नंतर दोन दिवसांनी मी टेम्पोतून लवळ्याच्या फाट्यापर्यंत निघालो होतो. पिरंगुटात तात्यांनी टेम्पो कडेला घेतला, दुकानात गेले आणि नवा पांढरा शर्ट घेऊन आले. नवीन कपडा त्यांनी स्वतःहून घेतल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. शर्ट गुडघ्यावर ठेवून थोडं अंतर गेल्यावर, रस्त्याकडे बघतच, त्यांनी विचारलं, "पांढऱ्यावरनं गुलाल जातुया का रं धुतल्यावर?"

"नाही जात तात्या. लालसर राहतोच."

"ऱ्हाऊ दे की मंग."

त्यानंतर लवळ्याच्या फाट्यापर्यंत टेम्पो जरा जोरात चालला.

जत्रेच्या मैदानाला गाव लोटलं होतं. माझा मंच निशाणापासून थोडा लांब, टेकाडावर होता. फायनलच्या आधी सवयीनं माझी नजर बांधावर गेली. बांध मोकळा होता. पब्लिकनंही ते टिपलं. "आज चपला न्हाईत! आज हरतंय वाटतं!" अशी कुजबुज झाली. तात्या तिकडच्या टोकाला उभे होते, पांढऱ्या शर्टात. चपला त्यांनी बाकीच्या डायवरांच्या चपलांत सोडल्या होत्या.

झेंडा पडला. धुरळा उठला. पाच छकड्या. विकी असता तर अर्ध्या मैदानात उभा राहिला असता. तात्या बसलेलेच. हिरा शेजारच्या जोडीच्या बरोबरीनं आला, थोडा मागे पडला, आणि निशाणापाशी मानेच्या अंतरानं पुढे निघाला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. माईकचा आवाज चिरकला एवढं आठवतं.

गाव धावलं. हिरावर गुलालाचं पोतं रिकामं झालं. विकी हात गळ्यात अडकवून बघायला आला होता, त्यालाही कुणीतरी सवयीनं खांद्यावर घेतलं. डीजे सुरू झाला. "विकी असता तर लांब टाकलं असतं," असं माझ्या मंचाखालचा एकजण दुसऱ्याला सांगत होता. "ह्यानं हिराला पळूच दिलं न्हाई. हिरा हाय म्हणून जिंकला." म्हणजे तात्या असूनसुद्धा.

त्या लाल धुरळ्यातून मला तात्या दिसले. उतरले होते, कासरा दिला होता, आणि निघाले नव्हते. छकडीच्या चाकाशी उभे होते. टोपी काढून हातात घेतली होती आणि मान थोडी पुढे केली होती, हार घालून घेताना माणूस करतो तशी. दोन्ही बाजूंनी माणसं हिराकडे पळत होती. एकाचा धक्का लागला. तो "सरका की तात्या" म्हणाला आणि पुढे गेला. मी माईकवर त्यांचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. डीजेपुढे माझा आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचत नव्हता. मी माईक टाकून गर्दीतून तिथं गेलो तोवर चाकापाशी एकटे बिरूआण्णा उभे होते.

"ग्येला," ते म्हणाले.

"काही बोलले?"

"मी इचारलं, वाकून काय शोधतुयास? म्हनला, चपला. मी म्हनलो, आरं, चपला तर तिकडच्या टोकाला सोडल्यास न्हवं? म्हनला, व्हय की. टोपी घातली आन ग्येला तसाच, अनवानी."

बिरूआण्णांनी तंबाखू मळायला घेतली. मग सावकाश म्हणाले, "पयल्या साली बी असाच हुबा ऱ्हायला हुता. नवा डायवर, पयलं मैदान मारल्यालं. टोपी काडून, मान फुडं करून. समदी बैलाकडं पळाली. मंग फुडच्या मैदानापासनं चपला आधीच न्हेऊन ठेवाया लागला."

"तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?"

"त्यो बोलला न्हाई. मी कशाला बोलू?"

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मी गाड्या सुटतात त्या टोकाला गेलो. एकच जोड उरला होता. तोंडं मैदानाकडे होती. मी तो घरी आणला.

त्या जत्रेनंतर तात्यांनी छकडी सोडली. गुडघे बोलायला लागले होते. टेम्पो विकला. मुलगी, सुनंदाताई, त्यांना नेऱ्याला घेऊन गेली. नेऱ्यात आता शेतांतून इमारती उगवल्या आहेत, त्यांतल्या एकीत सहाव्या मजल्यावर ते राहतात. ते जाण्याआधी निरोप द्यायला मी त्यांच्या गावच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी जत्रेचा विषय काढला नाही, म्हणून मीही चपलांचा काढला नाही. शर्ट दोरीवर वाळत होता, पांढराशुभ्र. फोनवर तात्या डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडतात आणि ऐकण्याआधीच ठेवून देतात. म्हणून मी निघताना म्हणाले, "फोन नगं. पत्र धाड. अक्षर चांगलं हाय तुझं. शिकलायस तर वापर."

मी पोस्टानं पुडकं पाठवलं आणि त्यात हे पत्र ठेवलं.

तीर्थस्वरूप सोपानतात्या यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत तुमच्या चपला पाठवत आहे. जत्रेच्या दिवशी तुम्ही विसरला होतात. डाव्या चपलेचा अंगठा सैल झाला होता, तो पौडला शिवून घेतला. एक उजवी आणि एक डावी आहे, खात्री केली आहे.

फाट्यावर आता दुसरा टेम्पो येतो. जोरात येतो, हात केला तर थांबतो, नाही तर निघून जातो. मी कॉलेजात वेळेवर पोचतो. करमत नाही.

तुम्ही म्हणायचात, बैलाला सांगितल्यासारखं सांग. म्हणून सरळ लिहितो. त्या दिवशी मी तुम्हाला मंचावरून बघितलं. तुम्ही चपला शोधत नव्हतात. मी तुमचं नाव दोनदा घेतलं, ते डीजेत बुडालं.

रविवारी मैदान आहे, पण मी त्यांना दुसरा समालोचक बघायला सांगितलं आहे. मी आणि बिरूआण्णा नेऱ्याला येत आहोत. बिरूआण्णा लिफ्टमध्ये बसायला घाबरतात, तेव्हा जिन्यानं येऊ, थोडा उशीर होईल. येताना गुलाल आणतो. तो पांढरा शर्ट सुनंदाताईला काढून ठेवायला सांगा. टोपी काढून बसा आणि मान पुढे करा. बैल आणत नाही, त्यामुळे कुणी दुसरीकडे पळायचा प्रश्न नाही.

तोवर एवढंच करा. चपला दारात ठेवाल तेव्हा त्यांची तोंडं घराकडे करून ठेवा.

तुमचा,
फाट्यावरचा दिगंबर